चाकाच्या पाकिटावरचे आकडे

मॉडेल रेल्वेच्या जुन्या प्लॅस्टिकच्या मालडब्याला धातूची चाकं घालायची म्हणून पाकीट हातात घ्यावं, तर त्यावर ‘33 इंच, कोड 88, आसाची लांबी 1.015’ असलं काहीतरी छापलेलं असतं. इवल्याशा चाकाला एवढे आकडे कशाला, असं नवख्याला वाटणारच. पण हे आकडे एकाच वेळी एकत्र आलेले नाहीत. एकेक आकडा एकेका जुन्या वादातून आलेला आहे, आणि त्यातले काही वाद अजून मिटलेले नाहीत.

33 इंच हा त्यातला सगळ्यात सरळ आकडा, कारण तो खऱ्या रेल्वेचा आहे. अमेरिकेत मालडब्यांचं चाक अनेक दशकं 33 इंच व्यासाचं होतं. 1960 च्या दशकात 100 टनी डबे वाढले आणि त्यांच्याखाली 36 इंची चाकं आली. त्याहून जड डब्यांना 38 इंची लागली, तर मोटारी किंवा ट्रेलर वाहून नेणाऱ्या काही बुटक्या डब्यांना 28 इंची. एचओ या मॉडेल रेल्वेच्या मापात, म्हणजे 1:87.1 प्रमाणात, 33 इंचाचे साधारण 9.6 मिलिमीटर होतात आणि 36 इंचाचे 10.5. फरक मिलिमीटरभरही नाही. तरी चुकीचं चाक बसलं की डबा जवळजवळ अर्धा मिलिमीटर वर किंवा खाली जातो आणि शेजारच्या डब्याच्या कपलरशी, म्हणजे डबे जोडणाऱ्या कडीशी, उंची जुळत नाही.

कोडचा वाद जास्त रंगतदार. 1935 साली अमेरिकेत नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशन स्थापन झाली, ती मुख्यतः एका कंपनीचा डबा दुसऱ्या कंपनीच्या रुळांवर चालावा म्हणून. त्याआधी प्रत्येकाची फ्लँज, म्हणजे चाकाला रुळावरून घसरू न देणारी आतली कड, वेगळी आणि रुंदीही वेगळी. संघटनेने पुढे चाकाच्या आडव्या छेदाचा जो आकार सुचवला तो आरपी-25. त्यात फ्लँजच्या मुळाशी गोलाई आहे आणि रुळावर टेकणारी पट्टी किंचित उतरती आहे, त्यामुळे चाक वळणावर रुळावर चढत नाही. कोड म्हणजे चाकाची रुंदी, इंचाच्या हजाराव्या भागात. कोड 110 म्हणजे 0.110 इंच.

आता हे उलटं मोजून बघा. 0.110 ला 87.1 ने गुणलं की साडेनऊ इंचांहून रुंद चाक होतं. खरं चाक पावणेसहा इंचांच्या आसपास. फ्लँजचं तसंच: खरी सुमारे एक इंच, मॉडेलची प्रमाणात दोन इंचांहून जास्त. म्हणजे मागून पाहिलं तर आपल्या डब्याखाली रोड रोलरची चाकं दिसतात! पण हा ढिसाळपणा नव्हता. घरातली वळणं खऱ्या रेल्वेच्या मानाने फारच आवळ, रूळ हाताने टाकलेले, आणि एका मार्गाचे दोन मार्ग होतात त्या सांध्यातल्या फ्रॉगपाशी, म्हणजे दोन रूळ एकमेकांना छेदतात तिथे, चाकाला जाण्यासाठी मोठी फट ठेवावी लागते. रुंद चाक त्या फटीवरून टेकून निघून जातं.

दिसणं सुधारावं म्हणून कोड 88 आलं. तेही प्रमाणात साडेसात इंचांच्या पुढेच, पण डोळ्याला खुपत नाही. त्याची किंमत सांध्यावर मोजावी लागते. फ्रॉगची फट रुंद असेल तर अरुंद चाक तिथे ‘टक’ करून खाली बसतं आणि डबा मान टाकल्यासारखा झुकतो. त्यापुढे जाऊन कोड 64 वापरणारे काटेकोर लोकही आहेत, पण ते सांधेही स्वतः बांधतात. माझं मत विचाराल तर आधी सांधे तपासा, मगच 88 च्या मोहात पडा.

मुळात धातू सोडून प्लॅस्टिकची चाकं आली का, यामागे विजेचं गणित आहे. दोन रुळांतून वीज खेळवायची पद्धत रूढ झाल्यावर दोन्ही चाकं आणि आस धातूची असली की शॉर्ट सर्किट ठरलेलं. म्हणून एका चाकात प्लॅस्टिकचं बूच घालून त्याचा आसाशी असलेला विजेचा संबंध तोडावा लागे. अख्खं चाकच प्लॅस्टिकचं केलं की हा खटाटोप संपतो आणि खर्चही वाचतो. बोगीसाठी, म्हणजे डब्याखालच्या चाकांच्या चौकटीसाठी, डेलरिनसारखं घसरट प्लॅस्टिक आल्यावर टोकदार आस तिच्यात अगदी हलकी फिरू लागली. तोटा नंतर लक्षात आला: अशा चाकांवर काळा चिकट थर बसतो आणि तो रुळभर पसरतो. शिवाय वजन नाही. धातूचं चाक वजन नेमकं तळाशी आणतं, जिथे ते हवं असतं. 1990 च्या दशकापासून चांगल्या प्रतीच्या डब्यांना कारखान्यातूनच धातूची चाकं येऊ लागली आणि जुन्या डब्यांसाठी सुटी चाकं घेणं ही नित्याची गोष्ट झाली.

तिथून तिसरा आकडा निघाला: आसाची लांबी, इंचांत. प्रत्येक कंपनीच्या बोगीतली आस टेकण्याची खोबण वेगळी. आस लांब पडली तर बोगीच्या बाजू फाकतात आणि चाक अडतं. आखूड पडली तर डबा लटपटतो. रीबॉक्ससारख्या कंपनीने म्हणूनच एकाच चाकासाठी वेगवेगळ्या लांबीच्या आसा विकल्या. बोटाने टिचकी मारून पाहावं: नीट बसलेलं चाक बराच वेळ फिरतं आणि थांबताना किंचित मागे झुलतं. आस पोलादी नको, कारण केडी या कंपनीचे कपलर सोडवणारं चुंबक रुळांखाली असेल तर ते आसच ओढतं आणि उभा डबा आपोआप सरकतो.

रंगाचं पाकिटावर लिहिलेलं नसतं. जुन्या साध्या बेअरिंगमधलं तेल चाकाच्या तोंडावर उडायचं, म्हणून 1950 च्या डब्याची चाकं काळी, तेलकट, धूळ धरलेली. रोलर बेअरिंग आल्यावर तेल उडणं थांबलं आणि चाकं गंजाच्या तपकिरी रंगाची झाली. वाफेच्या काळातल्या ओतीव लोखंडी चाकांना मागच्या बाजूने वळणदार फासळ्या असत. तशी चाकंही मिळतात. रंगवताना रुळावर टेकणारी पट्टी आणि आसाची टोकं तेवढी कोरी ठेवायची.