फादरची शाळा 'इंग्रजांची' नव्हती

घोगरगावाकडं, गंगापूर-वैजापूरच्या पट्ट्यात कुठल्याही पारावर बसा. 'फादरची शाळा इंग्रज सरकारनं काढली' हे वाक्य चहाआधी ऐकायला मिळतं. चूकच आहे ते.

आपल्याकडं इंग्रजांचा कलेक्टर नव्हताच. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. 1890 नंतरच्या दशकात इथं आलेले कॅथलिक फादर होते फ्रान्सिस द सेल्स या मिशनरी संघाचे. हा संघ 1838 मध्ये अ‍ॅनसीला, म्हणजे आल्प्सच्या कुशीतल्या, आज फ्रान्समध्ये असलेल्या सॅव्हॉयमध्ये, स्थापन झाला. त्यांची घरची भाषा फ्रेंच. इंग्रजी त्यांनाही शिकावीच लागे! गोरा दिसला की इंग्रज, हा आपला जुना हिशेब.

दुसरा गैरसमज, तिथं इंग्रजी शिकवत. खेड्यातल्या मिशन शाळेत पाटीवर 'ग म भ न' गिरवला जायचा. गंमत अशी की, त्या काळी निजामाच्या सरकारी कारभाराची आणि शिक्षणाची भाषा उर्दू होती, म्हणजे मराठी पोराला आपली भाषा मिळे ती बहुतेक वेळा अशा शाळेत नाहीतर खासगी पंतोजीकडं. बऱ्याच गावांत सकाळी अक्षरं गिरवून घेणारा मास्तरच संध्याकाळी प्रार्थना सांगायचा.

म्हणून शाळा धर्मापासून अलिप्त होती, असंही कुणी सांगू नये. आजचा नियम मात्र स्पष्ट आहे: संविधानाच्या कलम 28 प्रमाणे अनुदानित शाळेत पालकाच्या संमतीशिवाय पोराला धर्मशिक्षणाला बसवता येत नाही.

आणि औरंगाबादचा स्वतंत्र धर्मप्रांत, म्हणजे बिशपच्या हाताखालचा कॅथलिक चर्चचा इलाखा? तो तर 1977 चा.