एका इंटरफेसवर अनेक सबनेट: फायरवॉलमधील पत्ता-रूपांतराची पार्श्वभूमी

फायरवॉलच्या, म्हणजे आतले नेटवर्क आणि इंटरनेट यांच्यामध्ये बसून रहदारी तपासणाऱ्या उपकरणाच्या, आतल्या इंटरफेसमागे (जोडणीच्या तोंडामागे) दुसरे सबनेट, म्हणजे पत्त्यांचा दुसरा गट, जोडले, की पहिल्या सबनेटमधली यंत्रे पूर्वीसारखीच इंटरनेटवर जातात, पण दुसऱ्यातले एकही यंत्र बाहेर पडत नाही, हा प्रकार नेटवर्क सांभाळणाऱ्यांच्या चांगल्याच ओळखीचा आहे. त्याचे मूळ बरेच मागे सापडते. सबनेटची पद्धत ऑगस्ट 1985 मध्ये इंटरनेटच्या आरएफसी या तांत्रिक दस्तऐवजांपैकी क्रमांक 950 च्या दस्तऐवजाने प्रमाण ठरली, ती एकाच संस्थेच्या पत्त्यांचे आतल्या आत भाग पाडता यावेत म्हणून. पत्ता-रूपांतर, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेले नॅट (बाहेर जाणाऱ्या पॅकेटवरचा आतला पत्ता बदलून बाहेरचा लावण्याची पद्धत), मे 1994 मध्ये कियेल्ड एगेवांग आणि पॉल फ्रान्सिस यांनी आरएफसी 1631 मध्ये मांडले, ते पत्ते संपत चालले होते म्हणून. आणि तेही दीर्घकालीन तोडगा निघेपर्यंतची तात्पुरती सोय म्हणून. एका इंटरफेसमागे अनेक सबनेट असतील तेव्हा काय करावे, हा या दोन्हींपैकी कोणाचाच मुख्य प्रश्न नव्हता.

मार्च 1994 च्या आरएफसी 1597 ने, आणि फेब्रुवारी 1996 मध्ये त्याची जागा घेणाऱ्या आरएफसी 1918 ने, 10, 172.16 ते 172.31 आणि 192.168 हे पट्टे खाजगी वापरासाठी राखून ठेवले. लहान कार्यालयांत 192.168 मधला एखादा स्लॅश 24 तुकडा, म्हणजे पहिले तीन आकडे समान असलेले पत्ते, घेण्याचा प्रघात पडला. त्यात 254 यंत्रे मावतात. ती संख्या ओलांडली, किंवा दोन कार्यालये एकत्र आली, की सगळे पत्ते बदलण्यापेक्षा त्याच तारेवर दुसरे सबनेट चालवणे सोपे वाटे. राउटरवर त्यासाठी दुय्यम पत्त्याची आणि लिनक्सवर एलियसची, म्हणजे त्याच इंटरफेसला आणखी एक पत्ता देण्याची, सोय होती. एकाच तारेवरची नेटवर्क एकमेकांपासून अलग ठेवणाऱ्या व्हीलॅनचे 802.1क्यू हे प्रमाण 1998 चे, त्यामुळे तोपर्यंत एकाच तारेवर दोन-तीन सबनेट नांदणे मुळीच नवलाचे नव्हते.

खरी अडचण फायरवॉलच्या नियमांच्या व्याकरणात होती. नेटवर्क ट्रान्सलेशन या छोट्या कंपनीचे पिक्स हे फायरवॉल उपकरण 1995 मध्ये सिस्कोने ती कंपनी विकत घेतल्यावर घरोघरी नाही तरी कार्यालयोकार्यालयी पोचले. पिक्समध्ये इंटरफेसला दुय्यम पत्ता देताच येत नसे, त्यामुळे दुसरे सबनेट आतल्या एखाद्या राउटरमागे ठेवावे लागे. शिवाय जुन्या आवृत्त्यांत रूपांतर सक्तीचे होते. ‘नॅट (इनसाइड) 1 192.168.1.0 255.255.255.0’ ही ओळ आणि बाहेरच्या बाजूची तिची जोडीदार ‘ग्लोबल (आउटसाइड) 1 इंटरफेस’ ही ओळ असेल, तर 192.168.2.0 मधून आलेले पॅकेट नुसते टाकून दिले जाई आणि लॉगमध्ये ‘नो ट्रान्सलेशन ग्रुप फाउंड’ असा संदेश उमटे. दुसऱ्या सबनेटसाठी त्याच क्रमांकाची आणखी एक नॅट ओळ लिहिणे एवढाच त्यावरचा इलाज. मात्र त्या सबनेटकडे जाणारा रूट फायरवॉलवर नसेल, तर पॅकेट बाहेर जाई आणि उत्तर परतीच्या वाटेवर हरवे.

त्याहून चिवट भानगड दोन सबनेटांच्या आपसातल्या बोलण्याची होती. पहिल्या सबनेटमधल्या संगणकाचा डीफॉल्ट गेटवे (आपल्या सबनेटबाहेरचे सगळे जिथे पाठवायचे ते ठिकाण) फायरवॉल असेल, तर त्याचे सिन, म्हणजे जोडणी सुरू करणारे पहिले पॅकेट, आधी फायरवॉलकडे येते आणि ते आल्या इंटरफेसवरूनच आतल्या राउटरकडे परत पाठवावे लागते. जुना पिक्स हे करतच नसे. ती मुभा 7 च्या मालिकेत आली. ज्या फायरवॉलना हे जमे, त्यांच्यापुढे वेगळाच पेच होता: दुसऱ्या सबनेटमधल्या सर्व्हरचे सिन-अॅक हे उत्तर राउटरकडून थेट संगणकाकडे जाई, ते फायरवॉलला दिसतच नसे, आणि मग संगणकाचे पुढचे अॅक, म्हणजे पोचपावती, अनोळखी ठरून अडवले जाई. डीफॉल्ट गेटवे राउटरकडे देणे हाच माझ्या मते यातला सर्वांत स्वच्छ मार्ग. आपसातल्या रहदारीवरही नॅट लावून वेळ मारून नेता येते, पण मग सर्व्हरच्या नोंदींत खरा पत्ता उरत नाही.

लिनक्सवाल्यांना यातले बरेचसे जाणवले नाही, कारण जानेवारी 2001 च्या 2.4 कर्नेलमधल्या नेटफिल्टर या फायरवॉलमध्ये मास्करेडचा, म्हणजे तिथल्या नॅटचा, नियम पॅकेट कोणत्या इंटरफेसवरून बाहेर पडते आहे एवढेच पाहूनही लिहिता येतो. त्याच वर्षी ओपनबीएसडी या मुक्त कार्यप्रणालीमध्ये डॅनियल हार्टमायर यांचे पीएफ हे फायरवॉल आले. त्यात इंटरफेसच्या नावापुढे ‘नेटवर्क’ हा प्रत्यय लावला की त्या इंटरफेसवरची सगळी सबनेट, एलियसांसकट, नियमात येतात. ही सोय मोठी खरी. पण बाहेरच्या इंटरफेसला एलियस असतील, तर रूपांतरही त्या सर्व पत्त्यांवर आळीपाळीने होते. ते नको असल्यास नावापुढे ‘शून्य’ हा प्रत्यय द्यावा लागतो.

2010 मध्ये दोन्हीकडे व्याकरण बदलले. ओपनबीएसडी 4.7 ने नॅटचे स्वतंत्र नियम मोडीत काढून ते गाळणीच्या नियमांतच सामावले. पिक्सचा वारसदार असलेल्या एएसएच्या 8.3 आवृत्तीने नॅट-ग्लोबलची जोडी रद्द करून रूपांतर नेटवर्क ऑब्जेक्टला, म्हणजे नाव दिलेल्या पत्त्याला किंवा सबनेटला, बांधले. एका ऑब्जेक्टला एकच नियम जोडता येत असल्याने प्रत्येक सबनेटसाठी वेगळे ऑब्जेक्ट करायचे, किंवा सगळ्यांचा गट करून तो ट्वाइस नॅटमध्ये (ऑब्जेक्टबाहेर लिहिलेल्या स्वतंत्र नॅट नियमात) वापरायचा, असे दोन पर्याय तिथे उरले. इंटरफेसला दुय्यम पत्ता देण्याची सोय मात्र त्या बदलातही आली नाही.