वाड्यावर सळई आली, वावर उघडंच राहिलं

पेरणीच्या तोंडावर विदर्भ-मराठवाड्यातून त्या बातम्या यायला लागतात. अंगावर वीज पडून शेतकरी दगावला, शेजारी बैलजोडीही ठार. परतीच्या पावसात पुन्हा तेच. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार 2022 मध्ये देशात अशी 2,887 माणसं गेली.

उपाय तसा जुना आहे. ढगातली वीज उंच सळईने खेचून घेता येते, ही बेंजामिन फ्रँकलिनची कल्पना मे 1752 मध्ये फ्रान्समधल्या मार्ली गावी खरी ठरली. मग अशा सळया मनोऱ्यांवर, वाड्यांवर, देवळांच्या शिखरांवर चढल्या. पण सळई राखते ती इमारत. उघड्या रानात खुरपणी करणाऱ्या बाईला तिचा काय उपयोग?

गावात समज असा, की वीज पायाळू माणसावर पडते. वीज पायाळू ओळखत नाही. आसपास जे उंच, त्यावर ती बहुधा पडते, आणि झाडावर पडली की बुंध्यातून ओल्या जमिनीत पसरते. बैलाच्या पुढच्या-मागच्या पायांत अंतर जास्त. प्रवाह एका पायातून शिरतो, छातीतून जातो, दुसऱ्यातून निघतो. झाडाखालची अख्खी जोडी एकदम आडवी होते ती यामुळे.

अमेरिकेत 1940 च्या दशकात विजेने वर्षाला 300 हून जास्त माणसं मरत. आता हा आकडा वीस-पंचविसाच्या आसपास आहे. शेतात राबणारे हात कमी झाले, पक्की घरं वाढली, हे त्याचं मोठं कारण. आपल्याकडे खरिपाची कामं अजून माणसांच्याच हातांवर चालतात.

सरकारदरबारी वीज उशिरा पोचली. बांगलादेशाने 2016 मध्ये तिला राष्ट्रीय आपत्ती ठरवलं. आपल्या केंद्राच्या 2015 च्या मदत-निकषांत ती नव्हतीच. राज्यांनी स्थानिक आपत्ती म्हणून खर्च करायचा. महाराष्ट्रात पंचनाम्यानंतर वारसांना 4 लाख रुपये मिळतात.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं 'दामिनी' ॲप आसपास पडणाऱ्या विजांचा इशारा देतं. मोलाचं काम आहे हे. पण फोन वाजला तरी वावरातून जायचं कुठे? कुडाचं खोपटं वीज अडवत नाही. पक्कं घर किंवा काचा लावलेली चारचाकी, एवढाच खरा आसरा, आणि शेवटच्या गडगडाटानंतरही अर्धा तास तिथेच थांबायचं. माझ्या मते दर शिवारात असा एक पक्का निवारा हवा.

वीज पडलेल्या माणसाला हात लावायला लोक अजून भितात. त्याच्या अंगात वीज उरलेली नसते. श्वास थांबला असेल तर लगेच छाती दाबायला घ्यावी, दुसऱ्याने 108 लावावा. थांबलेलं हृदय अशाने परत चालू झालेलं आहे.