बॅटरी मरते उन्हाळ्यात, कळतं पावसाळ्यात
(चारचाकी आणि ट्रॅक्टरची बॅटरी घेणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी. बिलासोबत जपून ठेवा.)

जुलै उजाडला की आमच्या दुकानापुढं गाड्यांची रांग लागते. सकाळी पाऊस कोसळत असतो, सेल्फ मारला की नुसतं टक-टक, इंजिन हलत नाही. येणारा प्रत्येक जण एकच सांगतो, "गारठ्यानं बॅटरी बसली बघा." गारठ्यात इंजिनचं ऑइल घट्ट होतं, बॅटरीची आतली क्रिया मंदावते, वर वायपर आणि लाइटचा भार असतो. त्यामुळे अधू झालेली बॅटरी उघडी पडते, एवढंच. ती अधू झालेली असते एप्रिल-मेमध्ये.

बेळगावला पूर्वी लोक गरिबांचं महाबळेश्वर म्हणायचे. त्यामुळे उन्हाचं आम्हाला काय, असा आपला एक समज आहे. अथणी-रायबागकडच्या ग्राहकाला हे सांगावं लागत नाही, तिकडं मेमध्ये पारा ४० ला टेकतो. पण बॅटरी हवामान खात्याचा पारा बघत नाही, ती बॉनेटखालच्या हवेत बसलेली असते. बाहेर ३७-३८ अंश असतील तर बॉनेटखाली ६० च्या वर सहज जातं. त्यातही सगळ्यात वाईट वेळ गाडी बंद केल्यानंतरची. पंखा थांबतो, रेडिएटरमधून येणारा वारा थांबतो आणि तापलेल्या इंजिनची सगळी धग शेजारच्या बॅटरीवर येते.

आत काय होतं ते थोडक्यात. बॅटरीत शिशाच्या प्लेटा आणि सल्फ्युरिक अ‍ॅसिडचं पाणी असतं. तापमान १० अंशांनी चढलं की रासायनिक क्रियेचा वेग ढोबळमानानं दुप्पट होतो, हा धंद्यातला जुना ठोकताळा. वेग वाढला म्हणून उन्हाळ्यात गाडी पटकन चालू होते आणि आपल्याला वाटतं बॅटरी ठणठणीत आहे. पण त्याच वेगानं पॉझिटिव्ह प्लेटची जाळी गंजते, पाणी उडून जातं आणि उभ्या गाडीत चार्ज आपोआप उतरतो. गंजलेली जाळी कुठल्याही चार्जरनं परत येत नाही.

पाण्याबद्दल

यावर जरा जास्त लिहितो, कारण निम्म्या बॅटऱ्या इथंच जातात.

झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी आणि एरवी महिन्या-दीड महिन्यानं पातळी बघा. पाणी प्लेटांच्या वर साधारण बोटाच्या जाडीइतकं हवं. प्लेट उघडी पडली की तेवढा भाग सुकून कडक होतो आणि कायमचा कामातून जातो. घालायचं ते फक्त डिस्टिल्ड वॉटर. आरओचं पाणी पिण्यासाठी, त्यातही क्षार राहतात. एसीच्या नळीचं पाणी दिसायला स्वच्छ असलं तरी कॉइलवरची धूळ आणि धातू घेऊन येतं. बोअरचं तर नावच नको. कृष्णाकाठच्या क्षारपड पट्ट्यातल्या एका ग्राहकाच्या ड्रायव्हरनं वर्षभर मोटारीच्या नळीनंच बॅटरी भरली होती. आम्ही झाकण काढलं तर प्लेटांवर तांब्याच्या बुडाला धरतं तसं पांढरं पुट. वर्षाची बॅटरी आठ वर्षांची दिसत होती. डिस्टिल्ड वॉटरच्या बाटलीला पैसे किती पडतात, हिशेब तुम्हीच करा.

आणि अ‍ॅसिड घालू नका. "ग्रॅव्हिटी (म्हणजे आतल्या अ‍ॅसिडच्या पाण्याचा घट्टपणा) कमी झालीय, थोडं अ‍ॅसिड मारतो" असं कुणी म्हणालं तर गाडी तिथून काढा. उडून जातं ते पाणी, अ‍ॅसिड आतच राहतं. ग्रॅव्हिटी कमी असण्याचं कारण बहुतेक वेळा बॅटरी चार्ज नसणं हेच असतं. मग अ‍ॅसिड घातलं की काटा वर जातो, चार दिवस गाडी चालते आणि प्लेटा दुप्पट वेगानं खाल्ल्या जातात. थंड देशांत पूर्ण चार्ज बॅटरीची ग्रॅव्हिटी १२८० च्या आसपास ठेवतात. उष्ण प्रदेशासाठी कंपन्या मुद्दाम ती १२४०-१२५० च्या घरात उतरवतात. सुरुवातीची ताकद किंचित कमी, पण आयुष्य जास्त, असा तो सौदा आहे. कंपनीनं विचार करून अ‍ॅसिड पातळ केलं, ते गॅरेजमध्ये घट्ट करण्यात शहाणपण नाही.

पाणी काठोकाठही भरू नका. ही चूक आम्ही स्वतः केलेली आहे. दुकान नवीन असताना एका ग्राहकाची बॅटरी आधी गच्च भरली आणि मग चार्जिंगला लावली. चार्ज होताना पाणी फुगून वर आलं, ते न पुसता बॅटरी गाडीत बसवली आणि दोन महिन्यांत खालच्या ट्रेचा रंग सोलून निघाला. रंगकामाचे पैसे आम्हीच दिले. तेव्हापासून चार्ज करण्याआधी फक्त प्लेटा बुडतील इतकं आणि बाकीचं चार्ज झाल्यावर.

सीलबंद बॅटरीला हे लागू नाही. स्टिकर उचकटून झाकणं शोधत बसू नका.

काळं जाकीट

बऱ्याच गाड्यांत बॅटरीभोवती काळ्या फोमचं किंवा कापडाचं वेष्टण येतं. सर्व्हिसिंगला मिस्त्री ते काढतो आणि "कशाला ही गोधडी" म्हणून टाकून देतो. ते इंजिनची धग अडवण्यासाठीच असतं. नवी बॅटरी बसवताना ते परत घातलंय का ते बघा. आमच्याकडं बसवून घेणार असाल तर जुनं जाकीट सोबत आणा.

गाडी सावलीत लावता आली तर उत्तमच. टिळकवाडीत झाडं आहेत, हायवेवरच्या हॉटेलांपुढं नाहीत, हे आम्हालाही ठाऊक आहे.

घरी करायची तपासणी

साधा मल्टिमीटर कुठल्याही इलेक्ट्रिक दुकानात मिळतो. रात्रभर उभ्या गाडीची सकाळी चालू करण्याआधी बॅटरी मोजा. १२.६ व्होल्ट किंवा वर असेल तर भरलेली. १२.४ म्हणजे पाऊण. १२.२ म्हणजे अर्धी, आठवडाभरात चार्ज करून घ्या. १२ च्या खाली असेल तर आजच. अर्धवट उतरलेली बॅटरी तशीच उन्हात पडली की प्लेटांवर सल्फेटचे खडे घट्ट होतात, मग ती चार्ज घेतच नाही.

इंजिन चालू ठेवून मोजलं तर १३.८ ते १४.५ च्या दरम्यान यायला हवं. १५ च्या वर जात असेल तर दोष डायनमोच्या रेग्युलेटरचा, तो पाणी उकळून टाकणार. बॅटरी बदलून उपयोग नाही, नवीनही तशीच जाईल. नव्या काही गाड्यांत संगणक स्वतःच चार्जिंग कमी-जास्त करतो, तिथं एका आकड्यावरून निकाल लावू नका, दाखवायला आणा. बॅटरीची कड फुगलेली दिसली किंवा कुजलेल्या अंड्यासारखा वास आला तर मात्र हातही लावू नका, फोन करा.

डायनमो चार्ज करतोय का हे बघायला चालू गाडीची टर्मिनल काढण्याची जुनी सवय सोडा. जुन्या जीपला चालायचं, आता त्यात गाडीचा कॉम्प्युटर जळतो.

उभी गाडी, उभा ट्रॅक्टर

रिमोट लॉक, अलार्म, घड्याळ, ट्रॅकर हे सगळं गाडी बंद असतानाही थोडं थोडं खातं. ५० मिलीअँपिअर म्हटलं तरी दिवसाला १.२ एएच (अँपिअर-तास) होतात. ३५ एएचची छोटी बॅटरी पंधरा दिवसांत निम्मी. पोरं पुण्याला, गाडी शेडमध्ये आणि वडील दर रविवारी पाच मिनिटं इंजिन चालू करून बंद करतात. पाच मिनिटांत सेल्फनं खाल्लेलंसुद्धा नीट भरून येत नाही. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा अर्धा तास चालवून आणा. बेळगाव-खानापूर एक फेरी पुरते. तेही जमणार नसेल तर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा.

उसाच्या ट्रॅक्टरवाल्यांना वेगळं सांगायला हवं. गळीत हंगाम संपला की ट्रॅक्टर बांधावर थेट उन्हात उभा राहतो आणि पुढच्या हंगामात पहिल्या दिवशी ढकलायला चार माणसं लागतात. बॅटरी काढा, पुसा, पूर्ण चार्ज करा, घरात गार जागी ठेवा आणि महिन्या-दोन महिन्यांनी परत चार्ज करा. फरशीवर ठेवली तर बॅटरी उतरते हा समज जुन्या रबरी डब्यांच्या काळातला आहे, आताच्या प्लॅस्टिकच्या डब्याला काही होत नाही. आणि ट्रॉलीवरच्या त्या भल्यामोठ्या टेपबद्दल आम्ही काही बोलणार नाही. मात्र कारखान्याच्या वजनकाट्यावर नंबर लागेपर्यंत इंजिन बंद ठेवून तो रात्रभर वाजवायचा असेल, तर त्याला वेगळी बॅटरी घ्या. शिवजयंतीच्या मिरवणुकीत रात्रभर गाडीतून लाइट आणि स्पीकर चालवणाऱ्या मंडळांनाही हेच.

टर्मिनलवर पांढरं-हिरवं पीठ साचलं तर कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून जुन्या टूथब्रशनं घासा, सुकवा, क्लॅम्प आवळा आणि वरून व्हॅसलीन लावा. काढताना आधी निगेटिव्ह, बसवताना आधी पॉझिटिव्ह. हातात कडं किंवा अंगठी असेल तर काढून ठेवा. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, जवळ बिडी-काडी नको. बॅटरीची पट्टी ढिली असेल तर खड्ड्यांच्या रस्त्यावर प्लेटा आतून झडतात, तीही बघा.

स्टार्ट-स्टॉप (सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू होणं) असलेल्या गाडीत आधी जी होती त्याच जातीची बॅटरी बसते. स्वस्तातली साधी मागितलीत तर आम्ही देणार नाही, वर्षभरात भांडण ठरलेलं.

फेब्रुवारी-मार्चमध्ये आमच्याकडं व्होल्टेज, ग्रॅव्हिटी आणि डायनमोची तपासणी मोफत असते, बॅटरी कुठूनही घेतलेली असली तरी. जुनी बॅटरी भंगारवाल्याला देऊ नका. तो हातोड्यानं फोडतो, अ‍ॅसिड गटारीत आणि शिसं पोरांच्या हाताला. २०२२ च्या केंद्रीय नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची साखळी ठरलेली आहे. आमच्याकडं आणा, वजनावर किंमत धरून नव्या बिलातून वजा करू. आणताना उभी धरा, आडवी डिकीत टाकू नका.