व्हिडिओ लावून दिला की मूल लवकर बोलतं?

'बडबडगीतांचे व्हिडिओ लावून दे, पटापट शब्द उचलेल,' हा सल्ला नव्या आईला हमखास मिळतो. तो चुकीचा आहे. २००३ मध्ये अमेरिकेत संशोधक पॅट्रिशिया कूल आणि सहकाऱ्यांनी इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या ९ महिन्यांच्या बाळांना चिनी भाषा ऐकवली. माणूस समोर बसून बोलला, तेव्हा बाळं त्या भाषेचे ध्वनी वेगळे ओळखायला शिकली. तेच पडद्यावरून ऐकवलं, तर काहीच शिकली नाहीत. पडदा बाळाच्या हुंकाराला उत्तर देत नाही ना! मटार सोलताना बाळ शेंग उचलून 'छें' म्हणतं. आजी म्हणते, 'हो रे सोन्या, शेंग! हिरवी शेंग!' आणि थांबते, त्याच्या पुढच्या 'छें'ची वाट बघत. हे थांबणं फार मोलाचं. दीड वर्षाचं होऊनही एकही शब्द नसेल, तर मात्र आधी कान तपासून घ्या.