‘रॅश’ लिहिलंय, पण कसला?

मुलाच्या अंगावर पुरळ उठलं की डॉक्टरांच्या कागदावर ‘मॅक्युलोपॅप्युलर रॅश’ एवढं वाचून आजार कळला असं पालकांना वाटतं. पण ते निदान नसून नुसतं वर्णन आहे. मॅक्यूल म्हणजे रंग बदललेला, बोटाला न लागणारा डाग. पॅप्यूल म्हणजे एक सेंटिमीटरपेक्षा लहान, बोटाला लागणारी भरीव पुळी. दोन्ही गोवरात दिसतात, इतर विषाणूंच्या तापात दिसतात आणि औषधाच्या अ‍ॅलर्जीतही. पुळीत पाणी असेल तर ती व्हेसिकल, पू असेल तर पस्ट्यूल.

अर्टिकेरिया म्हणजे पित्ताच्या गांधी. अंगभर उठल्या तरी एकेक गांध बहुधा चोवीस तासांत विरते. एखादीभोवती पेनाने रेघ मारून ठेवा. दुसऱ्या दिवशीही ती तिथेच असेल, तर डॉक्टरांना दाखवा.

पेटेकिया हा शब्द मात्र हलक्यात घेऊ नये. हे टाचणीच्या टोकाएवढे लाल-जांभळे ठिपके असतात. पारदर्शक काचेचा ग्लास त्यांवर दाबून पाहा. साधा लालसरपणा दाबाखाली फिका पडतो, कारण रक्त वाहिन्यांमध्येच असतं आणि बाजूला सरकतं. पेटेकियात ते वाहिनीबाहेर झिरपलेलं असतं, म्हणून ठिपका जात नाही. सोबत ताप असेल तर ताबडतोब रुग्णालय गाठा. सावळ्या त्वचेवर ते चटकन दिसत नाहीत, म्हणून तळहात, तळपाय आणि पापणीची आतली बाजूही बघा.

डर्मटायटिस म्हणजे त्वचेचा दाह, टिनिया म्हणजे बुरशीचा संसर्ग, अर्थात नायटा. खाज दोन्हींत येते आणि घोळ नेमका इथेच होतो. एटॉपिक डर्मटायटिसवर, म्हणजे एक्झिमावर, डॉक्टरांनी दिलेलं स्टिरॉइड मलम दाह उतरवतं. तेच नायट्यावर लावलं की खाज थांबते, पण बुरशी आतल्या आत पसरते आणि नायट्याची ओळखीची गोल कड पुसट होते. मग डॉक्टरांनाही तो ओळखणं अवघड जातं. म्हणून भावंडाची उरलेली ट्यूब वापरू नका. टिनिया कॅपिटिस, म्हणजे डोक्यातला नायटा, नुसत्या मलमाने बरा होत नाही. बुरशी केसाच्या मुळाशी शिरलेली असते, त्यामुळे पोटातून औषध काही आठवडे घ्यावं लागतं.

पिटिरियासिस अल्बा हे नाव भारदस्त, दुखणं किरकोळ. गालांवर फिकट, किंचित खरखरीत चट्टे येतात. कॅल्शियम किंवा जंतांची औषधं त्यावर कामाची नाहीत. आजूबाजूची त्वचा उन्हाने रापली की चट्टे जास्त उठून दिसतात. मॉइश्चरायझर लावत राहा. रंग परतायला काही महिने लागतात.