दोन वर्षं म्हणाले होते: जेरोनिमो आणि चिरिकावा अपाचेंची कैद

जेरोनिमो म्हटलं की बहुतेकांना एक गुडघा टेकून हातात रायफल धरलेल्या म्हाताऱ्या योद्ध्याचा फोटो आठवतो, नाहीतर मग २०११ ची ओसामावरची कारवाई, कारण तेव्हा हेच नाव कोडवर्ड म्हणून वापरलं होतं. पण हा माणूस परत परत पळून का जायचा आणि शेवटी शरण आल्यावर त्याच्या लोकांचं काय झालं हे फारसं कुणी सांगत नाही, आणि माझ्या मते खरी गोष्ट तिथेच आहे.

पहिली गोष्ट म्हणजे तो टोळीचा प्रमुख नव्हता. अपाचे म्हणजे अमेरिकेच्या नैऋत्य भागातले मूळ रहिवासी, चिरिकावा ही त्यांची एक शाखा, आणि तिच्यातल्या बेदोंकोहे गटातला तो एक लढवय्या, आणि लोक त्याला मानायचे ते त्याच्याकडे काहीतरी दैवी शक्ती आहे, पुढचं घडणारं त्याला आधी कळतं म्हणून. जन्म १८२० च्या दशकातला, हिला नदीच्या उगमाजवळ, म्हणजे आजच्या अ‍ॅरिझोना-न्यू मेक्सिकोच्या सीमेवर, जो भाग तेव्हा मेक्सिकोत होता. मेक्सिकोतल्या सोनोरा आणि चिवावा या राज्यांनी १८३० च्या दशकातच अपाचेंच्या डोक्याच्या कातडीसकट केसांवर इनाम लावलं होतं, बाईमाणसांच्या आणि पोरांच्या सुद्धा. म्हणजे वैर अमेरिकन यायच्या आधीचं आहे.

१८५१ च्या मार्चमध्ये चिवावातल्या हानोस गावाबाहेर अपाचेंचा तळ होता. चिवावाशी तेव्हा त्यांचा समेट होता, पुरुष गावात व्यापाराला गेलेले, आणि शेजारच्या सोनोरातून कर्नल कारास्कोचं सैन्य येऊन तळावर तुटून पडलं. जेरोनिमोची आई, बायको आलोपे आणि तिन्ही मुलं त्यात गेली. मेलेल्याच्या वस्तू ठेवायच्या नाहीत ही अपाचेंची रीत, त्यामुळे घरी परतल्यावर त्याने आलोपेने सजवलेल्या वस्तू, मुलांची खेळणी, आपला आणि आईचा तंबू, सगळं जाळलं. मेक्सिकन लोकांबद्दलचा त्याचा राग म्हातारपणीही गेला नाही, स्वतःची हकीकत सांगताना त्याने हे लपवलं पण नाही.

दरम्यान १८४८ चा मेक्सिको-अमेरिका तह आणि १८५४ ची गॅड्सडेन खरेदी (अमेरिकेने मेक्सिकोकडून विकत घेतलेला भाग) यात हा सगळा मुलूख अमेरिकेकडे गेला, अर्थात अपाचेंना कुणी विचारलं नाही. सुरुवातीला अमेरिकनांशी बरं चाललेलं, पण १८६१ मध्ये लेफ्टनंट बॅस्कमने एका पळवलेल्या मुलासाठी चिरिकावांचा प्रमुख कोचीस याला बोलणी करायला म्हणून बोलावलं आणि तंबूतच अटक करायला गेला, ते मूल कोचीसने नेलेलंच नव्हतं. कोचीस तंबू फाडून निसटला पण त्याच्या भावाला फाशी दिलं. दोन वर्षांनी मांगास कोलोरादास हा मोठा प्रमुख तहाचं पांढरं निशाण बघून बोलणीला गेला तर त्याला पकडून ठार मारलं आणि वर त्याचं मुंडकं कापून नेलं. जेरोनिमो या दोघांच्या बरोबर लढलेला माणूस, त्यामुळे गोऱ्यांच्या शब्दावर त्याचा भरवसा का नव्हता हे वेगळं सांगायला नको.

तरी १८७२ मध्ये कोचीसने जनरल हॉवर्डशी तह केला आणि चिरिकावांना त्यांच्याच डोंगरांत राखीव प्रदेश मिळाला. कोचीस १८७४ मध्ये गेला आणि दोनच वर्षांत सरकारने तो प्रदेश बंद करून सगळ्यांना अ‍ॅरिझोनातल्याच सान कार्लोसला हलवायचं ठरवलं. सान कार्लोस म्हणजे हिला नदीकाठची तापलेली सपाट जमीन, मलेरिया, रेशनमध्ये चोरी, आणि एकमेकांशी न पटणारे वेगवेगळे गट एकाच जागी कोंबलेले, तेही डोंगरात थंड हवेत राहिलेली माणसं! जेरोनिमो आधी गेलाच नाही, १८७७ मध्ये त्याला धरून, बेड्या घालून तिथे नेलं, आणि त्याला असं पकडून नेल्याची ही एकच वेळ, बाकी दरवेळी तो स्वतः आला. राखीव प्रदेशातून तो तीनदा निघून गेला, १८७८, १८८१ आणि १८८५ मध्ये.

१८८५ चं तर टाळता आलं असतं असं वाटतं. मक्याची दारू गाळायला बंदी होती, प्रमुखांनी मुद्दाम सगळ्यांनी मिळून प्यायली आणि अधिकाऱ्याला येऊन सांगितलं की काय करायचं ते करा. त्या अधिकाऱ्याने अ‍ॅरिझोनातल्या सैन्याचा प्रमुख जनरल क्रूक याला तार केली, ती मधल्या ऑफिसात 'दारूचं प्रकरण आहे, सोडा' म्हणून पडून राहिली, दोन दिवस उत्तर नाही म्हटल्यावर आता अटक होणार, फाशी देणार अशा अफवा उठल्या आणि सव्वाशेच्या वर माणसं मेक्सिकोच्या दिशेने निघाली. यात जेरोनिमोची बाजू सगळी स्वच्छ नव्हती हेही लिहायला पाहिजे. लोक निघावेत म्हणून तो खोटं बोलला, वाटेत त्याच्या टोळीने शेतावरची माणसं मारली, बायकापोरं सुद्धा. राखीव प्रदेशात शांतपणे शेती करणारे बरेच चिरिकावा त्याच्यावर चिडून होते, कारण तो पळाला की संशय सगळ्यांवर यायचा.

मार्च १८८६ मध्ये सोनोरातल्या एम्बुदोस खोऱ्यात क्रूकशी बोलणी झाली. अ‍ॅरिझोनातल्या टूम्बस्टोन गावचा फोटोग्राफर फ्लाय तिथे कॅमेरा घेऊन पोचला होता आणि शस्त्र खाली न ठेवलेल्या अपाचेंचे त्याने जे फोटो काढले तसे दुसरे नाहीत. क्रूकने सांगितलं, दोन वर्षं पूर्वेला कैदेत राहा, मग परत या. जेरोनिमोने मान्य केलं, आणि एक-दोन दिवसांतच एका दारू विकणाऱ्याने दारू पाजून 'तुम्हाला सीमेपलीकडे गेलात की मारणार' असं भरवलं, तो आणि कोचीसचा मुलगा नायचे थोड्या लोकांना घेऊन परत डोंगरात. जे थांबले ते दोन वर्षांच्या शब्दावर फ्लोरिडाला गेले. पण वॉशिंग्टनने ती अट मान्यच केली नव्हती, बिनशर्त शरण या असा हुकूम आला होता, आणि हे त्या लोकांना कुणी सांगितलं नाही.

क्रूकने राजीनामा दिला, जनरल माइल्स आला. चाळिसाच्या आतली माणसं, त्यात निम्म्याच्या आसपास बायका-मुलं, आणि त्यांच्यामागे ५००० अमेरिकन सैनिक, शिवाय हजारो मेक्सिकन वेगळे. तरी सापडले नाहीत. शेवटी लेफ्टनंट गेटवुडला पाठवलं आणि त्याच्याबरोबर कायिताह आणि मार्तीन हे दोन अपाचे, हे दोघं पांढरं निशाण घेऊन पुढे गेले, गोळी बसायची शक्यता त्यांनाच जास्त. गेटवुडने सांगितलं की तुमच्या बाकीच्या लोकांना फ्लोरिडाला नेलंय. तेव्हा अजून नेलं नव्हतं, पण ठरलं होतं. बायकामुलंच तिकडे असतील तर इथे राहून काय करायचं, असा विचार करून ४ सप्टेंबर १८८६ ला स्केलेटन कॅन्यनमध्ये तो शरण आला.

इथे बहुतेक लेख संपतात.

त्याच आठवड्यात फोर्ट अपाचेजवळच्या सगळ्या चिरिकावांना हजेरीला म्हणून बोलावून घेरलं आणि रेल्वेत भरलं. यात जेरोनिमोला शोधायला सैन्याला मदत करणारे स्काउट होते. चॅटो नावाचा स्काउट तर वॉशिंग्टनला जाऊन चांदीचं मेडल घेऊन परत येत होता, त्याला वाटेतच अडवून कैदेत टाकलं. कायिताह आणि मार्तीन सुद्धा कैदीच. मला यातलं सगळ्यात जास्त हेच लागतं.

जेरोनिमो आणि त्याच्याबरोबरच्या पुरुषांना फ्लोरिडातल्या पेन्साकोलाजवळ फोर्ट पिकन्सला ठेवलं, तिकडे टूरिस्ट बोटीने त्यांना बघायला यायचे, आणि त्यांची बायकामुलं तिथून शेकडो मैल लांब सेंट ऑगस्टीनच्या किल्ल्यात, जिथे पाचशेच्या आसपास माणसं दाटीवाटीने. मुलांना पेनसिल्व्हेनियातल्या कार्लाइल या मूळ रहिवाशांच्या मुलांसाठीच्या निवासी शाळेत नेऊन केस कापले, तिथे क्षयाने पोरं मेली. नंतर अलाबामातल्या दमट हवेत सहा-सात वर्षं. पहिल्या तीन-चार वर्षांतच शंभरावर माणसं गेली. १८९४ मध्ये ओक्लाहोमातल्या फोर्ट सिलला आणलं, तिथे घरं बांधली, गुरं पाळली, आणि ही जमीन तुमचीच राहील असं सांगितलं गेलं.

जेरोनिमो आता बघायची वस्तू झाला होता. ओमाहा, बफेलो, सेंट लुइसच्या प्रदर्शनांत पहाऱ्यात नेत, तिथे तो सही विकायचा, फोटो विकायचा, कोटाची बटणं तोडून विकायचा आणि रात्री नवी लावून घ्यायचा. १९०५ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टच्या शपथविधीच्या मिरवणुकीत घोड्यावरून गेला, मग भेटून त्याने एकच मागणं केलं की माझ्या लोकांना अ‍ॅरिझोनाला जाऊ द्या. नाही म्हणाले, तिथले लोक तुमच्यावर अजून रागावलेत म्हणून. फेब्रुवारी १९०९ मध्ये घोड्यावरून पडून रात्रभर थंडीत राहिला, न्यूमोनिया झाला आणि १७ तारखेला गेला, युद्धकैदी म्हणूनच.

दोन वर्षांची कैद २७ वर्षं चालली. १९१३ मध्ये सुटका झाली तेव्हा फोर्ट सिलची कबूल केलेली जमीन पण तोफखान्याच्या ट्रेनिंगसाठी लष्कराकडेच राहिली. १८३ जण न्यू मेक्सिकोतल्या मेस्कालेरो अपाचेंकडे गेले, ऐंशीच्या आसपास ओक्लाहोमातच थांबले. त्या थांबलेल्यांच्यात सुटकेनंतर जन्मलेलं पहिलं मूल म्हणजे अ‍ॅलन हाऊझर, पुढे अमेरिकेतला नावाजलेला शिल्पकार झाला.

२०११ मध्ये ओसामाच्या कारवाईत जेरोनिमोचं नाव वापरल्यावर फोर्ट सिल अपाचेंच्या अध्यक्षांनी ओबामांना पत्र लिहून माफी मागायला सांगितलं, आपल्या मुलांनी हे काय म्हणून ऐकायचं असा त्यांचा मुद्दा होता आणि तो मला शंभर टक्के पटतो. त्याच वर्षी या लोकांना न्यू मेक्सिकोत डेमिंगजवळ अकेला फ्लॅट्सला राखीव प्रदेश मिळाला, ३० एकर. राज्य सरकार तरी त्यांना न्यू मेक्सिकोची जमात मानायला तयार नव्हतं, त्यासाठी कोर्टात जावं लागलं आणि २०१४ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला.